माकडताप आमच्याच वाड्यावर का?

काजूचा हंगाम लागला की गोव्यातल्या आमच्या वाळपईच्या बाजारात कोणीतरी मला थांबवून विचारतंच, "बाई, तुम्ही आरोग्य खात्यात होता ना? मग सांगा, माकडताप आमच्याच वाड्यावर कसा? नदीपलीकडे एकालाही नाही!" विचारलंत म्हणून सांगते.

हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. तापकऱ्याच्या घरचा चहा टाळण्यात काही अर्थ नाही. (टाळणारे तरी टाळतातच.) तो देते गोचीड, तीही बहुतेक वेळा तिळापेक्षा बारीक असलेलं तिचं पिल्लू. ही पिल्लं कोरड्या दिवसांत माजतात आणि नेमके तेच दिवस काजूचे.

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत, खाली पडलेले वेचतात. पहाटे बायका बागेत शिरतात, खिळा लावलेल्या काठीने वाळक्या पानांच्या पातेऱ्यातून एकेक बोंडू टोचून उचलतात, मग तिथेच बसून बी पिळून वेगळी करतात. तासन्‌तास जमिनीला टेकलेलं अंग, पायांत फार तर चप्पल. बागेचा मालक संध्याकाळी पाट्या मोजायला येतो. ताप कोणाला येणार, ते इथेच ठरतं.

बाग कुठली, हेही महत्त्वाचं. आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी त्याच झाडाखाली उतरतात आणि तेवढा टापू धोक्याचा होतो. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरत होती, तेव्हाच हा रोग सापडला. आपल्या सत्तरी तालुक्यात पाली गावात २०१५ साली साथ आली, तीही काजूबागेत राबणाऱ्यांत. तुमच्या बागा रानाला खेटून आहेत, नदीपलीकडच्यांच्या नाहीत.

तालुक्याची सरासरी काढून याचा पत्ता लागत नाही. पणजीकडच्या मलेरियाचंही तेच. बांधकामाच्या टाकीत डास वाढतात आणि मजूर त्याच स्लॅबखाली मच्छरदाणीशिवाय झोपतो. त्याला आरोग्य कार्ड सक्तीचं आहे, ते बरंच आहे. पण कार्ड तपासताना टाकीवरचं झाकणही तपासावं, असं माझं मत.

आमच्याकडे गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं तेल वाटतात. तेही हंगामात घरोघरी जाऊन देण्यापेक्षा पहाटे बागेच्या तोंडाशी द्यावं. वेचायला रोजावर आलेल्या बाईचं नाव वाड्याच्या यादीत नसतं.