एकाच ठशाचे दोन रुपये

नाण्यांच्या लिलावासाठी येणारा माल तपासून त्याची नोंद लिहिणं हे माझं काम. त्या दिवशी फोर्टातल्या आमच्या कचेरीत सांगलीचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी पुढे केलेल्या जुन्या पाकिटावर त्यांच्या वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'चौथा विल्यम, १८३४. चलनात न आलेला. अस्सल.' ते वाचलं आणि मी आधी तिजोरीची किल्ली मागवली. कारण हेच नाणं, दुसऱ्या एका संग्राहकाचं, आठवड्यापूर्वीच आमच्याकडे आलं होतं.

इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा रुपया लोकांच्या हातात आला तो १८३५च्या कायद्यानंतर. तोवर कंपनीच्याच मुलखात बंगालचा, मद्रासचा, मुंबईचा रुपया वेगळा, आणि त्यांतल्या कित्येकांवर नाव मोगल बादशहाचं. आपल्याकडे त्यात मराठेशाहीतल्या अंकुशी आणि चांदवडी रुपयांची भर. बदलून घ्यायचे तर सराफ बट्टा कापणार. कायद्यानं सगळीकडे एकच रुपया ठरवला: १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्या ठरण्याच्या आधी टांकसाळीत जे नमुने पाडले गेले, त्यांतला हा १८३४चा. नमुन्याचं नाणं म्हणजे सरकारपुढे ठेवलेला प्रस्ताव. राजाचा चेहरा कसा दिसावा, अक्षरं कुठे बसावीत, याचा विचार चालू असतानाचा तो पुरावा असतो, आणि अशा विचाराचे कागद अनेकदा उरत नाहीत. म्हणून माझा जीव या नाण्यांवर जास्त आहे.

पण यांची पारख अवघड. चलनातल्या नाण्याची झीज बरंच काही सांगते. नमुना कुणाच्या खिशात गेलेलाच नसतो, त्यामुळे पहिल्या वेळचा आणि नंतरचा दोन्ही सारखेच चकाकतात. आणि नंतरचे खरोखर आहेत! कोलकाता आणि मुंबई या दोन्ही टांकसाळींनी जुने ठसे जपून ठेवले होते, आणि संग्राहकांची मागणी आली की त्यांवरून पुन्हा नाणी पाडून दिली. हा उघड, अधिकृत व्यवहार होता आणि विसाव्या शतकातही बराच काळ चालला. बाजारात अशा नाण्याला रिस्ट्राइक म्हणतात.

वजन केलं, दोन्ही बरोबर. पाण्यात तोलून घनता काढली, दोन्हींची १०.३च्या आसपास, म्हणजे चांदीही त्याच कसाची. मग दोन्ही रुपये मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवले. राजाच्या केसांची एक बट जराशी तुटक कोरलेली होती. ती दोन्हींवर तशीच. ठसा एकच होता, यात शंका उरली नाही.

मग मास्तरांच्या रुपयावर, राजाच्या हनुवटीखाली, बारीक उंचवटे दिसले. मागच्या बाजूला सालाच्या आकड्यांजवळही तसेच. तिजोरीतल्या रुपयावर त्या जागा स्वच्छ. पोलादी ठसा पडून राहिला की गंजतो, गंजानं त्यात खड्डे पडतात, आणि ठशातला खड्डा नाण्यावर उंचवटा होऊन उमटतो. अर्थात ठसा घासून गंज काढताही येतो, त्यामुळे नुसत्या स्वच्छ जागेवर मी निकाल देत नाही. पण घासलं की उथळ रेघा आधी जातात. तिजोरीतल्या नाण्यावर केसांची नाजुकातली नाजूक रेघ शाबूत होती. म्हणजे ते आधीचं, मास्तरांचं नंतरचं.

"मग हे खोटं?" त्यांनी विचारलं.

"खोटं नाही हो काका. टांकसाळीतलंच आहे, याच ठशातून निघालंय. फक्त पुष्कळ वर्षांनी."

वडिलांनी त्यासाठी हातातली अंगठी मोडली होती, असं ते म्हणाले. मी खुर्ची सरकवून त्यांना मायक्रोस्कोपशी बसवलं. वडिलांना हे ठिपके दिसण्याची सोयच नव्हती. दुसरं नाणं शेजारी असल्याशिवाय मलाही इतक्या ठामपणे बोलता आलं नसतं. मास्तर बराच वेळ कधी हे, कधी ते नाणं पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, विकायचं तर आहेच. पण जे आहे तेच छापा."

मला याचं फार मोल वाटलं. काही जण रिस्ट्राइक हा शब्द गाळून नाणं पुढे ढकलतात, आणि दोन-तीन हात बदलले की ते पहिल्या वेळचं म्हणून मिरवू लागतं. असं प्रत्येक नाणं या विषयाचा पुरावा गढूळ करतं. मी नोंदीत रिस्ट्राइक हा शब्द शीर्षकातच घातला आणि दोन्ही रुपयांचे मोठे फोटो शेजारी शेजारी छापले, ठिपक्यांवर बाण काढून. मास्तरांचा रुपया रिस्ट्राइक म्हणूनच विकला गेला, आणि चांगल्या किमतीला.

कॅटलॉग पाहून एका संग्राहकानं आपल्या १८३४च्या रुपयाचे फोटो पाठवले. ठसा तोच. त्यावर हनुवटीखालचे ठिपके आहेत, सालाजवळचे नाहीत. म्हणजे त्याची जागा या दोघांच्या मधे.