पावत्या खऱ्या होत्या, तरी गुन्हा आहे

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात आमच्याकडे भाड्याच्या दाव्यांचे पक्षकार येतात ते प्लास्टिकची पिशवी घेऊनच. पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्या, लाइटबिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणाऱ्याचं सगळं त्या पावत्यांवर असतं, आणि चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की नेमक्या त्याच घरातून हलतात.

गिरगावातल्या एका काकूंचं तसंच झालं. (ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) खोली सासूबाईंच्या नावावर. त्या वारल्या तेव्हा त्यांच्याजवळ राहत होत्या काकूच. काकू बाजारात गेलेल्या असताना धाकट्या दिराने कपाटातून पावत्या काढल्या, विकासकाच्या ऑफिसात दाखवल्या आणि ‘या खोलीत मीच राहतो’ असं लिहून ट्रान्झिट भाड्यासाठी (नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहायला विकासक देतो त्या पैशांसाठी) अर्ज केला. तो कित्येक वर्षं डोंबिवलीत राहतो. दुसऱ्या दिवशी पावत्या कपाटात परत. पोलिसांनी काकूंना सांगितलं, कागद मिळाले, बनावटही नाहीत, घरातलं भांडण आहे, दिवाणी कोर्टात जा.

मला हे उत्तर अजिबात मान्य नाही. परत ठेवल्याने चोरी पुसली जात नाही. अलवरच्या चीफ इंजिनीअर ऑफिसातल्या एका अधीक्षकाने सरकारी फाइल घरी नेली, मित्राला तिच्यातले कागद बदलू दिले आणि फाइल पुन्हा जागेवर ठेवली. प्यारेलाल भार्गव खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही चोरीच ठरवली. तात्पुरती हानीसुद्धा पुरते.

खरा वाद असतो हेतूचा. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू संमतीशिवाय हलवली, एवढ्यावर भागत नाही. गैरलाभ मिळवायचा किंवा दुसऱ्याची गैरहानी करायची हे मनात असावं लागतं. दीर म्हणणार, आईचे कागद, माझाही हक्क. तो हक्क त्याला मनापासून वाटत असेल तर चोरीचा आरोप ढासळतो, हे मी काकूंना आधीच सांगितलं. पण भाडे नियंत्रण कायद्यात मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत कोण राहत होतं याला महत्त्व आहे, आणि दिराने खोटं सांगितलं ते नेमकं तिथेच.

पावत्या अस्सल, म्हणून बनावट दस्तऐवज वापरल्याचं कलम इथे लागत नाही. लागू शकतं ते भारतीय न्याय संहितेचं ३१८, फसवणुकीचं. चोरी ३०३ खाली. न्यूझीलंडच्या १९६१ च्या क्राइम्स ॲक्टमध्ये कलम २२८ एकटंच हे काम करतं: आर्थिक फायद्यासाठी अप्रामाणिकपणे दस्तऐवज घेणं किंवा वापरणं, सात वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडेही असं कलम हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या ३०३ मध्ये माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि वस्तू परत केलेली असेल तर शिक्षा समाजसेवेची. आता भाडेपावतीची किंमत काय धरायची? कागदाची, की गिरगावातल्या खोलीची?

म्हणून तक्रार पुन्हा लिहिली. कपाटाचा कुठला कप्पा, किल्ली कोणाकडे, शेजारच्या कोणी पाहिलं, सगळं त्यात घातलं. दिराच्या अर्जाची प्रत जोडून ‘मीच राहतो’ या ओळीखाली रेघ मारली. विकासकाकडे लेखी हरकत दिली आणि पोच घेतली. ट्रान्झिट भाड्याचा चेक अजून कोणाच्याच नावाने निघालेला नाही.