आंबट झालं म्हणजे बिघडलं नाही

आमच्या फ्रिजमध्ये सगळ्यात मागे सायीचं भांडं कायम असतं आणि मला ते शेजारच्या दह्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं. म्हणजे बघा, नुसती साय साठवत गेलं की आठवडाभरात ती कडवट लागायला लागते, फ्रिज कितीही गार असू दे, कारण ४ डिग्रीलासुद्धा मजेत वाढणारे काही बॅक्टेरिया असतात आणि ते सायीतलं फॅट नि प्रोटीन फोडत बसतात. पण सुरुवातीलाच चमचाभर विरजण घालून, ते लागेपर्यंत भांडं बाहेर ठेवून मग आत टाकलं की तीच साय आठ-दहा दिवस छान राहते, वर तूपही खमंग निघतं. राखण करतो तो आंबटपणा, थंडी आपली मदतीला.

आणि तरी लोक दही जरा आंबट झालं की सिंकमध्ये ओततात! अहो, दह्यातल्या जंतूंची खरी चंगळ ४०-४५ डिग्रीला, फ्रिजमध्ये ते गारठतात पण काम अगदीच बंद करत नाहीत, हळूहळू आंबवत राहतात, म्हणून सोमवारचं दही शुक्रवारी दातांना कळतं, एवढंच. वर सुटलेलं हिरवट पिवळं पाणीही काही वाईट नाही, थालीपिठाच्या पिठात खपतं.

खरं बिघडलेलं दही वेगळंच दिसतं. गुलाबी, हिरवा नाहीतर काळा ठिपका, म्हणजे बुरशी, तिला आंबटपणाचं काही वाटत नाही, आणि तेवढा थर काढून खालचं खाणारे महाभाग आहेत पण तिचे धागे आत गेलेले असतात, सगळंच टाकायचं. बुडबुडे आणि पावासारखा वास आला तर यीस्ट. हे पाहुणे बहुतेक वेळा उष्ट्या चमच्यावरून येतात, आणि दही फ्रिजच्या दारात ठेवलं तर त्यांची आणखीनच सोय, तिथे सतत उघडझाप.

श्रीखंडाला ही भीती कमी, चक्का टांगला तेव्हाच बरंचसं पाणी गेलं आणि उरलेलं साखरेने धरून ठेवलं. ताजी फळं चिरून घातली तर मात्र दोन दिवसांत संपवा.

ताक फारच चढलं असेल तर कढी. ताज्या ताकाची कढी मला तरी मिळमिळीत लागते, आंबट ताकाला बेसन थोडं जास्त घ्यायचं, गूळ जरा सढळ हाताने, आणि मीठ शेवटी.