वहीतल्या दोन रेघा

स्तनाच्या कर्करोगाचे निदान नुकतेच झालेल्या रुग्णाला उपचार समजावून सांगणे हे माझे रोजचे काम असले, तरी त्या दिवशी ते मी नीट केले नाही. समोर पंचेचाळिशीतल्या एक शिक्षिका बसल्या होत्या. गाठ सुमारे ३ सेंटिमीटरची होती, काखेत काही लागत नव्हते. बायोप्सीच्या अहवालात ईआर आणि पीआर, म्हणजे गाठीतले संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) ग्राहक, निगेटिव्ह होते, तर गाठीची वाढ वेगवान करणारे हर-टू हे प्रथिन २+, म्हणजे धड होकार नाही की नकार नाही.

“पूर्ण स्तनच काढून टाका, उद्याच,” त्या म्हणाल्या.

स्तन राखून केवळ गाठ काढली आणि नंतर रेडिएशन दिले, तरी आयुर्मानात फरक पडत नाही, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील आणि इटलीतील अभ्यासांनी दाखवले आहे, असे मी सांगितले. हर-टूची खात्री करणारी फिश चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर आधी केमो, हेही त्याच दमात सांगून टाकले. (अहवाल हातात असला की आम्हा डॉक्टरांना थांबणे जमत नाही.) मग, काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा, असे म्हटले.

“ऑपरेशनची वेळ निघून गेली, म्हणून केमो देताय.”

त्यांच्या वहीत ‘आधी केमो’ या शब्दांखाली दोन ठळक रेघा होत्या.

मी पुन्हा सुरुवात केली, या वेळी त्या रेघांपासून. शस्त्रक्रिया आजही शक्य आहे. पण हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर केमो आणि हर-टूवर नेमके काम करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध आधी दिल्याने गाठ औषधाला कशी दाद देते ते कळते, ती आक्रसल्यास स्तन राखणे सोपे जाते आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात रोग उरलेला आढळला, तर पुढचे औषध बदलता येते. चाचणीसाठी थोडे दिवस थांबल्याने नुकसान होणार नाही, हेही त्यांनी दोनदा विचारून घेतले.

फिश पॉझिटिव्ह आली. त्या भेटीत प्रश्न विचारण्याची पाळी त्यांची होती.

“केमोने गाठ दिसेनाशीच झाली, तर तुम्ही कापणार कुठे?”

तिळाएवढी धातूची खूण सुईने गाठीतच ठेवतो, असे सांगून मी मॅमोग्राफीवर दिसणारा तिचा बारीक ठिपका त्यांना दाखवला. त्यांनी तो वहीत काढून घेतला.