शिकागोत पाहिलेल्या गोधड्या

२०२१ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात बिसा बटलर या आफ्रिकन-अमेरिकन कलावतीचे प्रदर्शन पाहिले. भिंतीवर टांगलेली ती माणसांची चित्रे म्हणजे गोधड्या आहेत हे आधीच ठाऊक होते, तरीही अगदी जवळ जाऊन टाके दिसेपर्यंत डोळ्यांना ते पटत नव्हते.

सर्वांत जास्त वेळ मी ‘द सेफ्टी पेट्रोल’ (२०१८) या गोधडीसमोर उभी राहिले. रस्ता ओलांडायला निघालेल्या शाळकरी मुलांना एक मुलगा दोन्ही हात पसरून थोपवून धरतो आहे. मूळ छायाचित्र चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस यांनी १९४७ मध्ये टिपलेले, अर्थातच कृष्णधवल. बटलर यांनी त्यात रंग आणले, पण कृष्णवर्णीयांच्या कातडीचा ठरीव तपकिरी रंग टाळून निळा, जांभळा, हिरवा, लाल असे रंग चेहऱ्यांवर खेळवले. हे धाडस त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात शिकताना ‘आफ्रिकोब्रा’ या कृष्णवर्णीय चित्रकारांच्या गटातील मंडळींकडून उचलले. तो गट १९६८ मध्ये याच शिकागोत जन्मला होता.

छायाचित्र मोठे करून त्यातल्या उजेड-सावलीच्या कडा आखायच्या, त्या आकारांची कापडे कातरून एकावर एक लावायची आणि मग मधला मऊ थर व अस्तर धरून यंत्रावर टाके घालायचे, अशी ही रीत आहे. आपली गोधडी जुनेरांची असते. इथे मात्र घानाचे केंटे हे हातमागाचे कापड, मखमल, रेशीम आणि पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत गाजलेली डच छापाची कापडे मुद्दाम निवडलेली असतात. त्या छापांना तिथे नावेही असतात. उडत्या पाकोळ्यांचा छाप घानामध्ये ‘पैशाला पंख असतात’ या अर्थाने ओळखला जातो. त्यामुळे अनोळखी माणसाच्या अंगावरचा कोटही काहीतरी सांगू लागतो, हे मला चेहऱ्यांच्या रंगांहूनही अधिक भावले.

आफ्रिकन-अमेरिकन बायकांच्या गोधड्यांच्या परंपरेत हॅरिएट पॉवर्स आठवतातच. १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या या बाईने बायबलमधील कथा गोधडीत शिवल्या आणि हलाखीत ती गोधडी पाच डॉलरला विकली. आज ती स्मिथसोनियन संस्थेत आहे. विकल्यानंतरही त्या आपली गोधडी पाहायला खरेदीदार बाईंच्या घरी पुन्हा पुन्हा जात असत.