विक्रीचं इंग्रजी शिकताना: माझा अनुभव

गोदामातून माझी बदली विक्री विभागात झाली तेव्हा माल मला तोंडपाठ होता. कुठला नग कुठल्या रॅकवर आहे, कशाला उठाव आहे, काय महिनोन्‌महिने पडून आहे, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण विक्री विभागाचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालायचा. शाळा-कॉलेजात इंग्रजी शिकले होते, वाचलेलं समजायचं, त्यामुळे निभावेल असं वाटलं होतं.

पहिल्याच महिन्याच्या अहवालात घोळ झाला. एका मालाची विक्री 100 नगांवरून 60 वर आली होती, म्हणजे 40 नगांनी घटली होती. मी लिहिलं, ‘सेल्स फेल टू फॉर्टी’. लिहायला हवं होतं ‘फेल बाय फॉर्टी’. वाचणाऱ्यांनी विक्री 40 वरच आली असं समजून पुढच्या खरेदीची ऑर्डर कमी करायला घेतली. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ ताईंनी मूळ आकडे पाहिले म्हणून ते थांबलं. त्या रागावल्या नाहीत. शेजारी बसवून एवढंच म्हणाल्या, “अगं, मराठीत तू ‘40 नी’ आणि ‘40 वर’ यात कधी गोंधळतेस का? ‘बाय’ म्हणजे ‘नी’, ‘टू’ म्हणजे ‘वर’. झालं.”

ते कायमचं लक्षात राहिलं. त्याच दिवशी मी एक वही केली आणि ठरवलं की शब्दकोशातल्या अर्थाशेजारी आपल्या व्यापारातला मराठी शब्दही लिहायचा. पाठ केलेल्या यादीपेक्षा या वहीनं मला कितीतरी जास्त दिलं.

सुरुवात ‘सेल’ या शब्दापासूनच करावी लागली. आपण देवनागरीत एकाच पद्धतीनं लिहितो, पण इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. एक क्रियापद, विकणे. त्यातला ‘ए’ आखूड. दुसरं नाम, विक्री. त्यातला ‘ए’ लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो. फोनवर मी दोन्ही एकसारखे उच्चारायचे आणि ईमेलमध्ये तर क्रियापदाच्या जागी नाम लिहायचे. त्यात मराठीत ‘सेल लागलाय’ म्हटलं की फक्त सवलत डोळ्यांपुढे येते, त्यामुळे ‘टोटल सेल्स’ वाचताना सवलतीत किती माल गेला असंच आधी मनात यायचं. ‘फॉर सेल’ म्हणजे वस्तू विकायला काढली आहे. ‘ऑन सेल’चा अर्थ मात्र ऐकणाऱ्यावर ठरतो: ब्रिटिश माणसाला माल विक्रीस उपलब्ध आहे एवढंच कळेल, अमेरिकन माणूस बहुधा किंमत उतरली आहे असं धरेल. म्हणून पत्रात मी आता ‘अव्हेलेबल’ किंवा ‘डिस्काउंटेड’ असं सरळ लिहिते.

‘धिस मॉडेल सेल्स वेल’ हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मॉडेल स्वतः काय विकणार, असं वाटलं. मग लक्षात आलं, आपल्याकडे यासाठी वेगळं क्रियापदच आहे: खपणे. दुकानदार विकतो, माल खपतो. इंग्रजी दोन्ही कामं एकाच शब्दाकडून करून घेतं. ‘हातोहात खपला’ याला ते ‘सोल्ड लाइक हॉट केक्स’ म्हणतात. मला तरी आपलं ‘हातोहात’ जास्त नेमकं वाटतं.

‘टर्नओव्हर’ म्हणजे उलाढाल हे कळल्यावर तर फार आनंद झाला. दोन्ही शब्दांत उलथापालथीचंच चित्र आहे! पण तिथेही सावध राहावं लागतं. ब्रिटिश वापरात टर्नओव्हर म्हणजे एकूण विक्रीची रक्कम. अमेरिकेत त्यासाठी ‘रेव्हेन्यू’ किंवा ‘सेल्स’ म्हणतात आणि टर्नओव्हर हा शब्द जास्त करून कर्मचारी सोडून जाण्याबद्दल किंवा साठा किती वेळा फिरला यासाठी येतो. ‘आमचा टर्नओव्हर मोठा आहे’ असं अमेरिकन ग्राहकाला अभिमानानं सांगितलं, तर आपल्याकडे माणसं टिकत नाहीत असा त्याचा समज होऊ शकतो.

‘रिटेल’ची व्युत्पत्ती ताईंनीच सांगितली. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या मुळाशी कापणं, तुकडा काढणं असा अर्थ आहे आणि ‘टेलर’ हा शब्दही त्याच घराण्यातला. अख्खा तागा विकला तर होलसेल, त्यातून कापून दिलं तर रिटेल. आपलं घाऊक आणि किरकोळ. हे कळल्यापासून ते दोन शब्द मला कधीच परके वाटले नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मार्जिन आणि मार्कअप यांनी. 80 ला घेतलेली वस्तू 100 ला विकली तर नफा 20. खरेदीच्या 80 वर तो मोजला तर 25 टक्के, तो मार्कअप. विक्रीच्या 100 वर मोजला तर 20 टक्के, ते मार्जिन. मी दोन्हींना सरसकट ‘प्रॉफिट पर्सेंट’ म्हणायचे. समोरचा 25 टक्के मार्जिन मागत असेल आणि आपण मार्कअप समजून भाव काढला, तर 80 च्या वस्तूचा भाव 100 निघतो. खरं तर तो सुमारे 106.67 हवा. कुणी टक्का बोललं की आता मी आधी विचारते, “ऑन कॉस्ट ऑर ऑन सेलिंग प्राइस?” हा प्रश्न विचारण्यात काहीही कमीपणा नाही, उलट समोरचा जास्त विश्वासानं बोलू लागतो.

कागदपत्रांचे शब्द त्या मानानं पटकन बसले, कारण त्यांना क्रम आहे. आधी येते एन्क्वायरी, मग आपण पाठवतो क्वोटेशन, मग त्यांची पर्चेस ऑर्डर, मग आपला इनव्हॉइस, पैसे आले की रिसीट. मराठीत इनव्हॉइस म्हणजे बीजक आणि रिसीट म्हणजे पावती. फक्त एस्टिमेट आणि क्वोटेशन यांतला फरक नीट समजून घ्या. एस्टिमेट हा अंदाज, पुढे बदलू शकतो. क्वोटेशनमधला भाव मुदतीपर्यंत आपण पाळू, असं समोरचा धरून चालतो.

उधारीची भाषा मात्र अगदीच नवी होती. ‘नेट 30’ पाहून मला निव्वळ वजन आठवलं. त्याचा अर्थ, बीजकाच्या तारखेपासून 30 दिवसांत पूर्ण रक्कम द्यायची. आणि ‘2/10 नेट 30’ म्हणजे 10 दिवसांत दिली तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत सगळी. ही सूट आणि ‘रिबेट’ वेगळे: सूट आधीच वजा होते, रिबेट पैसे भरल्यानंतर परत मिळतो.

‘गुड्स’बद्दलही एक सांगते. मालाच्या अर्थानं व्यापारी पत्रव्यवहारात त्याचं एकवचन वापरत नाहीत, ‘वन गुड’ असं लिहीत नाहीत. नग सांगायचा तर ‘युनिट’ किंवा ‘पीस’ म्हणायचं. ‘मर्चन्डाइज’ (विक्रीचा माल) आणि ‘स्टॉक’ (साठा) यांनाही एक-दोन असं मोजत नाहीत.

सध्या वहीत इन्कोटर्म्सची, म्हणजे परदेशी व्यापारात माल पोहोचवण्याचा खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या नियमांची पानं चालू आहेत. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सनं हे नियम 1936 मध्ये पहिल्यांदा काढले आणि 2020 च्या आवृत्तीत असे 11 नियम आहेत. ‘एफओबी’ (फ्री ऑन बोर्ड) सोपं गेलं: माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. ‘सीआयएफ’नं (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) दोन दिवस घेतले. त्यात पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण जोखीम मात्र माल जहाजावर चढतानाच खरेदीदाराकडे गेलेली असते. म्हणजे विकणाऱ्याचा खर्च एका बंदराशी संपतो आणि जबाबदारी दुसऱ्या बंदराशी. वहीत मी दोन बंदरं काढून मध्ये जहाज दाखवलं तेव्हा ते डोक्यात उतरलं. अजून 9 बाकी आहेत.