.२२ पिस्तूल: क्लिक वाजतंय पण गोळी उडत नाही, तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दोष फायरिंग पिनच्या (गोळीवर आदळणाऱ्या सुईच्या) स्प्रिंगचा आहे. नव्हता. स्प्रिंग बदलली, २०० राउंड मारले आणि परत ११ वेळा नुसतं क्लिक. तेव्हा आधीचं सगळं गुंडाळून ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, यावेळी वही घेऊन.

पहिली चूक वहीतच सापडली. मी सगळ्या क्लिकना मिसफायर (पिन आदळूनही गोळी न पेटणं) म्हणत होतो. यावेळी प्रत्येक क्लिकनंतर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबायचं (हँगफायरमध्ये बार उशिरा उडू शकतो, हे थांबणं कितीही कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका), मग मॅगझिन काढायचं, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे घ्यायची आणि चेंबरमधून (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) काय बाहेर पडतं ते बघायचं असं ठरवलं. तर अशा ११ क्लिकपैकी ४ वेळा काहीच बाहेर पडलं नाही! चेंबर रिकामंच होतं. म्हणजे तो फीडिंगचा लोचा होता आणि मी बिचाऱ्या गोळ्यांना शिव्या घालत होतो.

त्या चारांचं कारण तर माझंच कर्तृत्व निघालं. दोनेक महिन्यांपूर्वी कुणीतरी सांगितलं म्हणून जड रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) टाकली होती, आणि मी वापरतो ४० ग्रेन वजनाच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळ्या, ज्या साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास जातात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच. एवढ्या धक्क्यात जड स्प्रिंगवाली स्लाइड पूर्ण मागे जातच नव्हती, जेमतेम रिकामी केस (गोळीचं पितळी नळकांडं) बाहेर फेकायची आणि पुढची गोळी न उचलताच बंद व्हायची. कधीकधी तर केसही नीट फेकायची नाही, ती धुराड्यासारखी उभी अडकायची. मूळची स्प्रिंग परत बसवली, विषय संपला. जड स्प्रिंग हाय व्हेलॉसिटीवाल्यांना उपयोगी पडत असेल, मला नाही.

उरले ७. हे खरे मिसफायर, रिमवर (केसच्या मागच्या कडेवर) पिनचा ठसा उमटलेला. इथे एक गोष्ट लिहून ठेवतो कारण मला ती उशिरा सुचली. .२२ रिमफायर आहे, पेटणारा मसाला केसच्या कडेत गोल पसरलेला असतो आणि कुठेतरी तो कमी असू शकतो, म्हणून न उडालेली गोळी अर्धी फिरवून परत लावायची ही सगळ्यांची सवय. माझीही. पण फिरवल्यावर उडाली तर नक्की काय कळलं? मसाला तिथे नव्हता की पहिला फटका कमी पडला? काहीच कळत नाही. म्हणून यावेळी न फिरवता, ठसा होता तिथेच दुसरा फटका दिला. ७ पैकी ६ उडाल्या. म्हणजे मसाला जागेवर होता, पिनही ठीक होती, पहिल्या फटक्याची ताकद गोळी चेंबरात आत ढकलण्यात वाया जात होती.

मग नळी सुटी करून रेंजवरच गोळी हाताने टाकून बघितली. नीट असलेल्या चेंबरात ती स्वतःच्या वजनाने टुपकन खाली बसते आणि उलटं केलं की पडते. माझी अर्धा मिलिमीटर बाहेरच अडली. आत केसचं तोंड येतं त्या जागी कार्बन, शिसं आणि गोळीवरचं मेण यांचं कडक कडं झालेलं, दर वेळी मी नळीत ब्रश फिरवत होतो पण चेंबर तसंच राहत होतं. सॉल्व्हंट लावून रात्रभर ठेवलं, सकाळी ब्राँझ ब्रश हाताने फिरवला, तर जे काळं निघालं ते बघून लाज वाटली.

तरी गोळी किंचित अडतच होती. रिकाम्या केसवर बारीक ओरखडा दिसला, प्रत्येक केसवर एकच, म्हणून चेंबरच्या काठावर नख फिरवलं तर वरच्या बाजूला बर (धातूचा उचललेला टोकदार कंगोरा) लागली. रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर केलं (गोळी नसताना ट्रिगर दाबला) की काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि धातू आत दाबला जातो, आणि मी सुरुवातीला महिनाभर स्नॅप कॅपशिवाय (सरावाची खोटी गोळी) सराव केला होता. हे काम कानस घेऊन घरी करण्याचं नाही. आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) दिलं, त्याने चेंबर आयर्निंग टूलने काठ परत बाहेर दाबून दिला. त्यानंतर २५० राउंडमध्ये एकच मिसफायर, ती गोळी त्याच जागी परत मारून उडाली नाही, फिरवून उडाली. ती गोळीची चूक, माझी नाही.

आता मॅगझिन. तिन्हींवर मार्करने नंबर टाकले, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण गोळीचं नाक खाली जाऊन रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) अडकण्याचे १० पैकी ९ प्रकार दोन नंबरच्या मॅगझिनचे. भरताना वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे हवी, उलटं झालं की रिमा एकमेकींत अडकतात. मी फॉलोअरचं (मॅगझिनमधली गोळ्या वर ढकलणारी पट्टी) बटण पार खाली ओढून गोळ्या टाकायचो आणि त्या आत लोळायच्या, आता एकेका गोळीपुरतंच दाबतो. त्याने फरक पडला, पण दोन नंबरचे ओठ (वरची गोळी धरून ठेवणाऱ्या कडा) व्हर्नियरने मोजले तर एक नंबरपेक्षा ०.३ मिमी जास्त उघडे आहेत. पक्कड लावायचा मोह झाला होता.

ब्राउनिंगने छोट्या पिस्तुलांसाठी १९०५ च्या सुमारास .२५ एसीपी हे सेंटरफायर (मसाला कडेत नाही, मधोमध) काडतूस का काढलं असेल ते आता समजतंय, पण टार्गेटला आपल्याला .२२ च लागते.

एक खोड अजून जात नाही. क्लिक वाजलं की हात आपोआप स्लाइडकडे जातो. रॅपिड फायरच्या ४ सेकंदांच्या सिरीजमध्ये पिस्तूल अडलं आणि तुम्ही स्लाइडला किंवा सेफ्टीला हात लावलात की नियमाने ते अलाउएबल मालफंक्शन (माफ होणारा बिघाड) राहत नाही, सिरीज परत मिळत नाही. म्हणून हल्ली मित्राला माझ्या मॅगझिनमध्ये मधेच एखादी डमी (खोटी गोळी) घालायला सांगतो, कितवी ते मला माहीत नसतं. दहापैकी सहा वेळा हात जागेवर राहतोय. दोन नंबरच्या मॅगझिनवर लाल फुली मारली आहे, त्यात आता फक्त स्नॅप कॅप.